उंचीचे देणे

मे महिन्यात मुंबईहून उद्यान एक्स्प्रेसने बंगळूरला जाणाऱ्या माणसाला भूगोलाचा एक धडा न मागता मिळतो. सोलापूर मागे पडते तसा उकाडा वाढत जातो. रात्री रायचूर-गुंतकलच्या मुलखातून गाडी धावत असते तेव्हा खिडकीतून येणारा वाराही भट्टीवरून आल्यासारखा वाटतो. पहाटे केव्हा तरी माणूस झोपेतच अंगावर चादर ओढून घेतो. जागा होतो तेव्हा गाडी तांबड्या मातीच्या शेतांमधून चढणीला लागलेली असते. स्टेशनावर उतरताच तो म्हणतो, "काय हवा आहे इथली!" मग तो टॅक्सीत बसतो आणि पुढचे दोन तास एकाच रस्त्यावर काढतो.

आज याच शहराविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव बेंगळूरु असे झाले आहे. मराठी कानांच्या सवयीचे बंगळूर हे नाव मी बोलण्यात ठेवतो, इतकेच. शाळेत आपल्याला शिकविले जाते की जमीन आणि हवामान जसे असेल तशी पिके येतात, पिकांप्रमाणे उद्योग निघतात आणि उद्योगांप्रमाणे गावे वाढतात. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. एकदा गाव वाढले, पैसा साचला, की तो पैसा उलट फिरून जमिनीला हात घालतो. पाण्याच्या वाटा बदलतो, तळी बुजवतो, आणि प्रसंगी कोणते गाव कोणत्या नदीच्या खोऱ्यात मोडते हेही नव्याने ठरवून घेतो. हा दुहेरी व्यवहार पाहावयाचा तर बंगळूरइतके उघडे उदाहरण आपल्या देशात क्वचितच सापडेल.

आपल्याकडची जुनी गावे बहुधा नदीच्या आश्रयाने वसली. नाशिक, वाई, पैठण, पंढरपूर ही नावे घेतली की नदी आपोआप डोळ्यांपुढे येते. बंगळूरला अशी नदी नाही, आणि नसण्याचे कारण त्याच्या उंचीतच आहे. म्हैसूरच्या पठारावर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर, म्हणजे पुण्याहून सुमारे साडेतीनशे मीटर वर, हे शहर बसले आहे. आणि तेही पठाराच्या एखाद्या खळग्यात नव्हे, तर एका लांबट कण्यावर. हा कणा शहरातून साधारण उत्तर-दक्षिण जातो. त्याच्या पश्चिमेला पडलेला पावसाचा थेंब वृषभावतीत जातो, तेथून अर्कावतीत आणि शेवटी कावेरीत. पूर्वेला पडलेला थेंब दक्षिण पिनाकिनीत उतरतो, आणि ही नदी कावेरीला न भेटता तमिळनाडूतून स्वतंत्रपणे बंगालच्या उपसागराला मिळते. घराच्या आढ्यावर पाणी थांबत नाही. ते दोन्ही पाख्यांवरून ओघळून जाते. बंगळूर हे असे आढ्यावरचे शहर आहे. त्याला हवा मिळाली आणि पाणी मिळाले नाही, या दोन्ही गोष्टी एकाच देण्यातून आल्या.

केंपेगौडाने १५३७ साली येथे मातीचा कोट बांधून पेठ वसविली तेव्हा त्याला हे पुरते ठाऊक असले पाहिजे, कारण कोटाबरोबरच त्याने तळी बांधली. पुढच्या राज्यकर्त्यांनी त्यांत भर घातली. ही तळी सुटी नव्हती. वरच्या तळ्याचा सांडवा राजकालुवे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्यातून खालच्या तळ्यात आणि तेथून त्याच्याही खालच्या तळ्यात पडे. ओघळून जाणाऱ्या पाण्याला पायरीपायरीवर बसवून घेण्याची ही युक्ती. त्या पाण्यावर भात, नाचणी आणि भाजीपाला निघे, आणि पेठेतल्या विहिरींना झरे राहत.

हे गाव एके काळी मराठ्यांच्या हाती होते, ही गोष्ट आपण बहुधा शहाजीराजांच्या चरित्रातले एक पान म्हणून वाचतो. १६३८ च्या विजापुरी स्वारीनंतर बंगळूर शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले आणि येथे राहून त्यांनी कर्नाटकाचा कारभार पाहिला. १६६४ मध्ये होदिगेरे येथे त्यांचा मृत्यू झाल्यावर जहागीर व्यंकोजीराजांकडे आली. पुढे व्यंकोजींनी तंजावर घेतले आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आपली गादी स्थापिली. तंजावरहून बंगळूर सांभाळणे या घराण्याला जड जाऊ लागले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना विकण्याची बोलणी सुरू झाली. तेवढ्यात १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले, आणि मग मोगलांकडूनच ते वडेयरांच्या हाती गेले. या व्यवहारात तीन लाख रुपयांचा आकडा सांगितला जातो.

आज हा सौदा ऐकून हसू येते. परंतु त्या काळच्या हिशेबाने भोसल्यांचे काही चुकले नव्हते. राज्याचे उत्पन्न म्हणजे शेतसारा, आणि शेतसारा पाण्यामागे जातो. एकीकडे कावेरीच्या गाळाची भाताची खाचरे, दुसरीकडे तळ्यांवर कशीबशी तग धरणारे तांबड्या मातीचे पठार. यांत जाणत्या माणसाने काय निवडावे? हवेला तेव्हा बाजारात भाव नव्हता. ही तंजावरची खाचरे लक्षात असू द्यावीत. शेवटी आपल्याला त्यांच्याकडेच यावयाचे आहे.

हवेला पहिला भाव दिला तो इंग्रजांच्या फौजेने. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांची शिबंदी तेथेच राहिली. श्रीरंगपट्टण हे कावेरीतले बेट. चारही बाजूंनी पाणी असल्यामुळे किल्ला म्हणून ते नामी. पण त्याच पाण्याकाठच्या तापाने गोरे शिपाई हैराण झाले. १८०९ मध्ये फौज बंगळूरला हलली आणि जुन्या पेठेच्या पूर्वेला छावणी उभी राहिली. शेतकऱ्याच्या दृष्टीने जो दोष होता तोच डॉक्टरांच्या दृष्टीने गुण ठरला. छावणीमागोमाग शिंपी, बेकरीवाले, मिशनच्या शाळा, तमिळ व्यापारी आले, आणि १८६४ साली मद्रासकडून रेल्वे आली. पेठ आणि छावणी ही दोन निराळी शहरे पुढे दीडशे वर्षांच्या आसपास शेजारी शेजारी नांदली. त्यांची महानगरपालिका एक झाली ती १९४९ मध्ये.

तथापि छावणीने शहर वाढते, उद्योग उभा राहत नाही. एकोणिसाव्या शतकात उद्योग म्हणजे कोळसा किंवा बंदर. कलकत्त्याजवळ कोळसा होता, मुंबईजवळ बंदर होते. म्हैसूर संस्थानाजवळ दोन्ही नव्हते. कोलारला सोन्याच्या खाणी होत्या, पण त्यांची यंत्रे चालविण्यासाठी कोळसा दुरून आणावा लागे आणि आसपासचे रान तुटे. या अडचणीतून जी वाट निघाली तिने बंगळूरचे पुढचे शतक ठरविले. शिवनसमुद्र येथे कावेरी सुमारे शंभर मीटर खाली कोसळते. त्या पडत्या पाण्यावर वीज काढून ती तारांनी थेट कोलारला नेण्याची योजना दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत आखली गेली. १९०२ साली वीज कोलारला पोहोचली. अंतर दीडशे किलोमीटरांच्या घरातले होते आणि इतक्या लांब वीज नेण्याची उदाहरणे तेव्हा जगातही थोडीच होती. बंगळूर या तारांच्या वाटेजवळच होते. १९०५ च्या ऑगस्टमध्ये तेथे रस्त्यावर विजेचे दिवे लागले.

येथे जरा थांबून एक तत्त्व पाहिले पाहिजे, म्हणजे पुढचा भाग सोपा होईल. कारखाना कोठे निघतो, याचा शास्त्रशुद्ध विचार आल्फ्रेड वेबर या जर्मन पंडिताने १९०९ साली मांडला. त्याचे सार आपल्याकडच्या उसाने चांगले समजते. दहा गाड्या ऊस गाळावा तेव्हा सुमारे एक गाडी साखर हाती येते. नऊ गाड्यांचे ओझे विनाकारण लांब वाहण्यात अर्थ नसतो, म्हणून साखर कारखाना उसाच्या फडाजवळच राहतो. प्रवरानगरचा सहकारी कारखाना मुंबईत निघू शकला नसता. उलट ज्या वस्तूत कच्च्या मालाचे वजन थोडे आणि कारागिराचे कसब फार, तिला मालाजवळ राहण्याची गरज उरत नाही; ती कसबाजवळ जाते. घड्याळ, टेलिफोन, रेडिओचे भाग, विमान या सर्व वस्तू या जातीच्या. कोळसा आणि बंदर नसलेल्या, पण वीज आणि शिकलेली माणसे असलेल्या गावाला याच वस्तू परवडणाऱ्या होत्या.

शिकलेली माणसे आली ती टाटांच्या विज्ञानसंस्थेमुळे. जमशेटजी टाटांच्या संकल्पित संस्थेसाठी जागा पाहावयास आलेले सर विल्यम रॅम्से यांनी बंगळूरची शिफारस केली. म्हैसूरच्या राजघराण्याने ३७१ एकर जमीन दिली, आणि १९०९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची स्थापना झाली. ती पाहण्यास जमशेटजी हयात नव्हते. ते १९०४ सालीच वारले होते. मग १९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या भागीदारीत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी येथे काढली. महायुद्ध सुरू होते, किनाऱ्यापासून दूरची जागा हवी होती. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन, वीज आणि भांडवलाचा वाटा देऊ केला. १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा सरकारने घेऊन टाकला, आणि दोस्तांची विमाने दुरुस्त करण्याचे काम तेथे जोरात चालले. त्याच वर्षी विज्ञानसंस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला. कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे, जर्मनीत गटिंगेन येथे प्राण्टल यांच्या हाताखाली तयार झालेले, या दोन्ही ठिकाणी वावरले. त्यांच्या आखणीतून निघालेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ मध्ये उडाले. कारखाना आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये एकाच माणसाची ये-जा असणे ही गोष्ट कोणत्याही सवलतीपेक्षा अधिक मोलाची होती.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने या पायावरच इमले चढविले. १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये यंत्रे बनविणाऱ्या यंत्रांचा, १९५४ मध्ये सैन्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा, असे कारखाने एकापाठोपाठ आले. १९६१ मध्ये एचएमटीची घड्याळे निघू लागली आणि पुढे दोन पिढ्यांच्या मनगटावर ती राहिली. तो घड्याळाचा धंदा बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. १९४१ मध्ये चार लाखांच्या आसपास असलेली वस्ती १९५१ मध्ये पावणेआठ लाखांवर गेली होती. या कारखान्यांच्या भोवती वसाहती, शाळा, तंत्रनिकेतने आणि सुटे भाग पुरविणारी लहान लहान वर्कशॉपे उभी राहिली. हीच खरी ठेव होती.

बंगळूरच्या भरभराटीचे सारे श्रेय तिथल्या थंड हवेला देण्याची पद्धत आहे. मला ते श्रेय जरा जास्तच वाटते. बेळगावची हवा काय वाईट आहे? तेथेही छावणी होती, शाळा होत्या, आणि पुढे ओतकामाचे उत्तम कारखाने निघाले. पण बेळगाव हे मुंबई इलाख्याच्या कडेचे गाव, तर बंगळूर हे एका संस्थानाच्या कारभाराचे केंद्र, ज्याच्या दिवाणांना आपल्या तिजोरीतून धरणे, वीज आणि कारखाने काढता येत होते. पुण्याला तर हवा होती, छावणी होती, विद्यालयेही होती. विश्वेश्वरय्या स्थापत्यविद्या शिकले ते पुण्यात, आणि खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे बसविल्यावर मग ते म्हैसूरचे दिवाण झाले. हवेने दार उघडले एवढेच म्हणता येईल. आत कोण येणार हे ठरविले राज्यकर्त्यांनी, आणि एकदा आत आलेल्यांनी पुढच्यांना बोलाविले. याचा एक लहानसा पुरावा पुण्याकडचाच आहे. इन्फोसिस ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली, कारण मोटारींचे भाग करणारी मायको ही तिची गिऱ्हाईक कंपनी तेथे होती. संगणकाच्या कामाला ना ऊस लागतो ना कोळसा. तरी त्याचा पहिला ओढा होता एका लोखंडी मालाच्या कारखान्याकडे.

त्यानंतर अंतराचाच अर्थ पालटला. १९८५ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने येथे आपली शाखा काढली आणि उपग्रहाच्या साहाय्याने काम थेट अमेरिकेत पाठविण्याची सोय केली. माल आता डब्यात भरावयाचा नव्हता. उलट पृथ्वी गोल असण्याचाच फायदा झाला. कॅलिफोर्नियातली घड्याळे आपल्या मागे ऋतूनुसार साडेबारा किंवा साडेतेरा तास असतात. तेथला माणूस संध्याकाळी काम टेबलावर ठेवून घरी जातो तेव्हा बंगळूरात सकाळ होते, आणि तो झोपून उठेपर्यंत ते काम पुरे झालेले असते. इतकी शतके व्यापाऱ्याने अंतराला शत्रू मानले. येथे ते भागीदार झाले. इलेक्ट्रॉनिक्स सिटी, व्हाइटफील्ड आणि बाहेरच्या वळणरस्त्यावर कंपन्यांची काचेची घरे उठली, आणि २०११ च्या खानेसुमारीत महानगरपालिकेची वस्ती चौऱ्याऐंशी लाख भरली.

आता व्यवहाराची दुसरी बाजू. आढ्यावर बसलेल्या चौऱ्याऐंशी लाख माणसांनी पाणी कोठून प्यावे?

पहिले उत्तर नळाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्कावतीवरच्या हेसरघट्ट तलावातून नळाने पाणी आणले गेले, आणि १९३३ मध्ये त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले. पाणी मिळाले हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर एक सूक्ष्म बदल घडला. जोवर पेठ तळ्याचे पाणी पीत होती तोवर तळे म्हणजे पाणी होते. नळ आल्यावर तळे म्हणजे मोकळी जागा झाली, आणि वाढत्या शहरात मोकळ्या जागेला भाव असतो. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज शहराचे मुख्य बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण आहे. तेथे पाण्याचा एक लहानसा तुकडा राखला आहे, कारण करगा उत्सवाला तो लागतो. चल्लघट्टाच्या तळ्यावर गोल्फ खेळतात. यांत कोणा एकाचा कट नव्हता. ज्या वस्तूचा उपयोग संपला तिची जमीन बाजाराने मोजली, एवढेच.

पण उतार तसाच राहिला. तळे बुजविले तरी पाण्याला जुनी वाट आठवते. कंपन्यांना मोठ्या, सलग जागा हव्या होत्या आणि त्या मिळाल्या पूर्वेकडच्या दरीत, बेळंदूर-वर्तूरच्या तळ्यांभोवतालच्या सखल जमिनीत. म्हणजे उंचीसाठी नावाजलेल्या शहरात येऊन उद्योग बसला तो सखल भागात. बेळंदूरचे तळे सांडपाण्याच्या फेसाने इतके भरले की फेस रस्त्यावर उडू लागला, आणि २०१७ मध्ये तेथे आग लागल्याची दृश्ये देशभर दिसली. पाण्याला आग लागल्याचे आपण म्हणींतसुद्धा ऐकले नव्हते. २०२२ च्या सप्टेंबरात मुसळधार पावसाने वळणरस्त्याचा परिसर बुडाला. अमेरिकेतील गिऱ्हाइकांची कामे वेळेत पोहोचविणारे संगणकतज्ज्ञ त्या आठवड्यात ट्रॅक्टरवर बसून कचेरीला गेले.

आणि दीड वर्षातच, २०२४ च्या मार्चमध्ये, त्याच शहरात पाण्याचा खडखडाट झाला. सरकारी विंधनविहिरींपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्याचे जाहीर झाले. हेही उंचीचेच देणे. या पठाराखाली कठीण खडक आहे. पाणी साठते ते त्याच्या भेगांत, आणि भेगा भरावयास वरती मुरण्याची जागा लागते. तळी गेली, जमिनीवर सिमेंट आले, भेगा भरावयाच्या कशा? २००७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत ११० खेडी घेतली गेली होती. तेथे इमारती पोहोचल्या, पण नळ पुष्कळ वर्षे पोहोचला नाही. ज्याच्या सोसायटीची बोअर आटली त्याने टँकर मागविला, आणि टँकरचा भाव टँकरवाल्याने ठरविला. घरकामाला येणाऱ्या बाईंच्या वस्तीत मात्र टँकरला पैसेही नव्हते.

दुसरे उत्तर कावेरीचे. १९७४ पासून तिचे पाणी शहरात येते. २०२४ च्या ऑक्टोबरात पाचव्या टप्प्याचे उद्घाटन होऊन या योजनेची एकूण क्षमता दिवसाला सुमारे २२२ कोटी लिटरांवर गेली. हे पाणी तोरेकाडनहळ्ळीजवळ नदीवरून उचलले जाते आणि सुमारे शंभर किलोमीटर अंतर काटून, तीन टप्प्यांत मिळून पाचशे मीटरांच्या आसपास वर चढविले जाते. याचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येईल. हजार लिटर पाणी पाचशे मीटर उचलावयास, पंपांची तूट धरली, तर पावणेदोन ते दोन युनिट वीज लागते. योजना पूर्ण क्षमतेने चालली तर केवळ पाणी वर चढविण्यासाठी रोज चाळीस लाख युनिटांच्या घरात वीज जाळावी लागेल. पाणी उचलण्याची ही जागा शिवनसमुद्राच्या धबधब्यापासून फार दूर नाही. १९०५ मध्ये पाणी शंभर मीटर खाली पडले आणि त्याने शहराला वीज दिली. आता शहराकडे पाणी पाचशे मीटर वर जाते आणि वीज खाते. एक घागर वर न्यावयाची तर, सारी तूट सोडून दिली तरी, त्या धबधब्यावर पाच घागरी पडल्या पाहिजेत. बंगळूरकर नळ उघडतात तेव्हा ते व्यंकोजीराजांच्या वेळचा हिशेब चुकता करीत असतात.

पैसा असला म्हणजे वीज विकत मिळते. नदीतला वाटा तसा मिळत नाही. म्हैसूर आणि मद्रास यांच्यात १८९२ आणि १९२४ साली करार झाले, त्यांत कावेरीवर पहिला हक्क खालच्या जुन्या सिंचनाचा मानला गेला. हे जुने सिंचन म्हणजे तंजावरची खाचरे. मेट्टूरचे धरण १९३४ मध्ये झाले, आणि त्याचे दरवाजे १२ जूनला उघडावेत असा रिवाज पडला. ते उघडले नाहीत तर तंजावरकडचा शेतकरी पहिल्या हंगामाचे भात लावू शकत नाही. त्याच्या दृष्टीने वर दूर कोणी संगणकावर काय करतो याला काही अर्थ नाही. त्याचे म्हणणे चूक आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

१९९० मध्ये नेमलेल्या कावेरी लवादाने २००७ मध्ये निवाडा दिला. बंगळूरच्या वाट्याचा विचार करताना लवादाने भूगोलाचे पुस्तक उघडले. या शहराचा सुमारे एकतृतीयांश भागच कावेरीच्या खोऱ्यात आहे, बाकीचा कण्याच्या पलीकडे. सबब गरजेच्या एकतृतीयांशाचाच हिशेब धरावा, आणि त्यातही निम्मे पाणी भूगर्भातून मिळेल असे समजावे, असा तो तर्क होता. नकाशाच्या दृष्टीने तर्कात खोट नव्हती. मात्र कण्याच्या अलीकडे राहणाऱ्याला तहान लागते आणि पलीकडच्याला लागत नाही, असे काही नाही. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा तर्क बाजूला सारला. बंगळूरला जागतिक शहराचा दर्जा आला आहे याची नोंद घेऊन, पिण्यासाठी म्हणून साधारण पावणेपाच अब्ज घनफूट पाणी वाढवून दिले. कर्नाटकाचा एकूण वाटा त्या निकालाने २७० वरून २८४.७५ अब्ज घनफुटांवर गेला, आणि तमिळनाडूला सोडावयाचे पाणी तेवढेच कमी झाले. खडकाने आखलेली पाणलोटाची रेघ एका निकालाने शहरापुरती पुसली गेली. शहराची तहान खरीच होती; पण ती रेघ ओलांडण्याचे बळ तिला शहराच्या मोठेपणाने दिले, हेही तितकेच खरे. कण्यापलीकडच्या एखाद्या खेड्याने तशी मागणी केली असती तर ते मोठेपण तिच्या पाठीशी नसते.

अशा कण्यापलीकडच्या मुलखाचीच एक हकीकत सांगतो. कोलार जिल्हा बंगळूरला भाजी, दूध आणि रेशीम पुरवितो. त्याला बारमाही नदी नाही आणि विंधनविहिरी हजार फुटांखाली गेल्या. सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. २०१८ पासून बंगळूरच्या कोरमंगल-चल्लघट्ट दरीतले सांडपाणी शुद्ध करून कोलारच्या कोरड्या तळ्यांत सोडले जाते. प्रकरण न्यायालयात गेले. शुद्धी पुरेशी नाही, आणखी एक टप्पा हवा, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती, आणि ती रास्त आहे. तरीही पुष्कळ वर्षांनी तळ्यांत पाणी दिसले आणि भोवतालच्या विहिरींना झरे आले. एकेकाळी कावेरीची वीज कोलारला गेली ती सोने काढण्यासाठी. आता कावेरीचेच पाणी, एका शहराच्या नळांतून आणि गटारांतून फिरून, टोमॅटोच्या शेतांसाठी तेथे जाते.

उरलेले सांडपाणी उताराच्या आज्ञेत आहे. बसवनगुडीच्या नंदीच्या पायांशी जिचा उगम सांगतात ती वृषभावती पश्चिमेकडचे पाणी घेऊन अर्कावतीत जाते, आणि अर्कावती बंगळूरच्या दक्षिणेला संगम या ठिकाणी कावेरीला मिळते. तेथून थोडे खाली मेकेदाटूची अरुंद घळ आहे. तिथे धरण बांधून बंगळूरसाठी पाणी अडवावे अशी कर्नाटकाची योजना आहे आणि तमिळनाडूचा तिला विरोध आहे. तोरेकाडनहळ्ळीला नदीतून उचललेली घागर शहराच्या पश्चिम भागात रिकामी झाली, तर ती काळी होऊन का होईना, संगमावर कावेरीत परत येते आणि तंजावरकडे निघते. तीच घागर कण्याच्या पूर्वेला रिकामी झाली तर ती दक्षिण पिनाकिनीत उतरते, आणि तंजावरला कधीच पोहोचत नाही.